नऊ फेऱ्यांचा हिशेब: ड्रॅग स्ट्रिपवरचे साडेतीन दिवस

26 इंची टायरचा घेर साधारण 2.07 मीटर. म्हणजे पाव मैलाच्या, 402 मीटरच्या ड्रॅग स्ट्रिपवर (उभ्या गाडीने निघून कमीत कमी वेळात टोक गाठायचा सरळ ट्रॅक) टायर न घसरता धावला तर एकंदर 194 फेरे घेतो. त्यातले पहिल्या साठ फुटांतले किती? नऊसुद्धा नाहीत. हा हिशेब दादाने निघायच्या आदल्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर मांडला आणि वही माझ्यापुढे सरकवली. "आपण चाललोय ते या नऊ फेऱ्यांसाठी. बाकीचे 185 गाडी तिच्या जोरावर घेते."

तीन जातींचे टायर घेऊन गेलो होतो: रोजचे रस्त्याचे, ड्रॅग रेडियल (मऊ रबर, ताठ भिंत) आणि बायस प्लायचे स्लिक (आतले धागे तिरके, भिंत लवचीक, खाचा नाहीत). गाडी एकच, मागच्या चाकांना ताकद देणारी, हाताने गिअर टाकायची, माझ्यासकट 1,450 किलोची. चालवणार मी, नोंदी ठेवणार दादा. प्रत्येक टायर कसा सोडला तर पकडतो एवढंच शोधायचं होतं. कुणाशी शर्यत नव्हती.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडी ट्रेलरवर, टायर टपात, पोचेपर्यंत अंधार.

पहिला दिवस: रस्त्याचे टायर

सकाळी ढगाळ होतं आणि दमट. फाटकातून आत आल्यावर मी आधी स्टार्ट लाइनपर्यंत चालत गेले. नव्या ट्रॅकवर हे मी नेहमी करते, तुम्हीही करा. फक्त तिथल्या माणसांची परवानगी घेऊन. सुरुवातीच्या पट्ट्यावर राळेसारखं चिकट द्रावण मारलेलं असतं आणि त्यावर रबराचे थर चढलेले असतात. चौथ्या-पाचव्या पावलाला माझा बूट जमिनीला चिकटला आणि टाच बाहेर आली. मागून हसणं ऐकू आलं. धावा सोडणाऱ्या स्टार्टरबाई होत्या, डोक्याला रुमाल, कानांवर मफ. "बूट निघतोय म्हणजे ट्रॅक तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण हा चिकटपणा चाकांच्या दोन काळ्या पट्ट्यांतच आहे. त्यांच्या बाहेर गेलात की नुसतं डांबर." ते वाक्य तीन दिवस माझ्या कानात राहिलं.

त्यांनी सुरक्षेची तपासणीही मन लावून केली. हेल्मेट, पट्टा, बॅटरीची पकड, चाकांचे नट, खाली कुठे तेल गळतंय का. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत पाव मैल 13.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला हेल्मेट सक्तीचं आहे. माझं मत विचाराल तर वीस सेकंदांच्या गाडीलाही घालावं. क्लचच्या गाडीत तर फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स आपल्या पायांशीच असतात. 8 मार्च 1970 ला अमेरिकेतले ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स लाइनवरच फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. इंजिन चालकाच्या मागे ठेवलेली त्यांची गाडी त्यानंतर आली आणि लांबलचक ड्रॅगस्टर गाड्यांच्या त्या वर्गाचं रूपच पालटलं. आमच्या गाडीला क्लचभोवती पोलादी कवच बसवल्याशिवाय दादा मला स्लिकवर बसू देणार नव्हता, त्यामागे हीच गोष्ट होती.

आता मापाबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लाइनवर दोन किरण असतात. पहिल्यात पुढचं चाक शिरलं की प्री-स्टेजचा दिवा, थोडं पुढे गेलं की स्टेजचा. घड्याळ सुरू होतं ते चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडल्यावर, हिरवा दिवा लागल्यावर नाही. हिरव्यापासून तुम्ही हलेपर्यंतचा वेळ स्लिपवर, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या आकड्यांच्या कागदावर, वेगळा छापून येतो. त्यामुळे चाचणीच्या दिवशी दिव्यांशी स्पर्धा करू नका. हिरवा लागू द्या, श्वास घ्या, आपल्या मनासारखा क्लच जमला की निघा. स्टेजचा दिवा लागता क्षणी थांबायचं, एक इंचही पुढे जायचं नाही, आणि दर वेळी तसंच. किरणात जास्त आत शिरलात तर गाडीला मिळणारी ती छोटी मोफत धाव कमी होते आणि दोन धावांची तुलनाच बिघडते.

पहिली धाव मी मुद्दाम वाईट केली. 4,000 आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) क्लच एकदम सोडला. मागची चाकं जागेवर फिरत राहिली, गाडी नुसती ओरडली. साठ फूट 2.61 सेकंद, पूर्ण धाव 14.32, शेवटचा वेग ताशी 169 किलोमीटर. दुसऱ्या धावेत 1,800 वर फारच हळुवार सोडला. इंजिनाने मान टाकली. 2.44 आणि 14.04, वेग 168. तिसऱ्यात 2,400 वर धरून क्लच घासत घासत, साधारण सेकंदभरात पूर्ण सोडला. 2.29, 13.79, वेग पुन्हा 169.

दादाने तिन्ही स्लिपा शेजारी ठेवल्या. धावेच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक, शेवटच्या वेगात जवळपास शून्य. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, वेळ सांगते ती ताकद जमिनीत किती उतरली ते. स्लिपवरचे हे दोन आकडे वेगळे वाचायला शिकलात तर चुकीच्या जागी पैसे घालणं थांबेल. वेग चांगला आणि वेळ वाईट असेल तर इंजिनाला हात लावू नका. सुरुवातीला गमावलेला सेकंदाचा दहावा हिस्सा शेवटपर्यंत पोचताना दीडपट होतो, कधी दुप्पटही. आमच्या तीन स्लिपांत 0.32 चा फरक 0.53 झाला होता.

रस्त्याच्या टायरचा बर्नआऊट, म्हणजे धावेआधी चाकं जागेवर फिरवून टायर साफ आणि गरम करणं, हा लोकांचा आवडता घोळ आहे. त्या दिवशी निम्म्या गाड्या पाण्याच्या खड्ड्यातून सरळ जात होत्या, खाचांत पाणी भरून घेत होत्या आणि ते पाणी नेऊन लाइनवर सांडत होत्या. खाचांचे टायर असतील तर पाण्याला वळसा घाला, पलीकडे जाऊन कोरड्यात दोन-तीन सेकंद चाकं फिरवा, खडे आणि धूळ निघाली की पुरे. धुरासाठी थांबू नका. रस्त्याच्या रबराला फार ताप झाला की ते तेलकट होतं आणि पकड उलट कमी होते.

दुपारी ढग हटले आणि एक नवल घडलं. आठवी धाव, सगळं तेच, पण गाडीची शेपूट लाइनवरूनच एका बाजूला सरकली. मी पाय काढला. परत आल्यावर दादाने गेज लावला तर मागच्या डाव्या चाकाचा दाब उजव्यापेक्षा दीड पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) जास्त. सकाळी दोन्ही सारखी होती! दोघं बराच वेळ वॉल्व्ह तपासत बसलो. शेवटी शेजारच्या जागेवरच्या मुलीने सांगितलं, "ताई, तुमची डावी बाजू तासभर उन्हात आहे." खरंच होतं. जुनं भौतिकशास्त्र: बंद हवा तापली की दाब वाढतो. तेव्हापासून आम्ही गाडीच्या उन्हाकडच्या टायरवर ओलं पांढरं फडकं टाकायला लागलो, आणि दाब मोजायचा तो रांगेत शिरण्याआधी, प्रत्येक वेळी, एकाच गेजने.

त्या मुलीची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक होती. तिचं सगळं गणित आमच्या उलट. वेग घेताना गाडीचा भार मागे जातो, म्हणजे तिच्या ओढणाऱ्या चाकांवरूनच निघून जातो. म्हणून स्लिक पुढे, मागचे टायर दगडासारखे फुगवलेले, मागची स्प्रिंग कडक, नाक उचलू द्यायचं नाही. आम्ही पुढचे शॉक ढिले ठेवून नाक उचललं जावं म्हणून धडपडत होतो, ती तेच दाबून धरत होती. तिचे साठ फूट 2.0 च्या आत होते आणि त्या प्रत्येक शतांशामागे तिने किती रात्री घातल्या असतील ते तिच्या काळ्या नखांवरून कळत होतं.

रस्त्याच्या टायरवरची दिवसाची सर्वोत्तम धाव: मागे 27 पीएसआय, 2,400 आरपीएम, साठ फूट 2.21, एकूण 13.66.

दुसरा दिवस: ड्रॅग रेडियल, आणि पाऊस

ड्रॅग रेडियल दिसायला रस्त्याच्या टायरसारखा, चार-दोन खाचा असतात, पण रबर इतकं मऊ की अंगठ्याचं नख रुततं. सकाळी 18 पीएसआयने सुरुवात केली. ट्रॅकचं तापमान दादाच्या इन्फ्रारेड मापकावर 33 अंश.

आदल्या दिवशीच्या यशाने माझा हात धीट झाला होता. एवढा चिकट टायर आहे तर सोडू या की, म्हणून 4,500 वर क्लच सोडला. जे झालं ते पुन्हा अनुभवायचं नाही. मागची चाकं जमीन पकडत होती, सोडत होती, पुन्हा पकडत होती, सेकंदाला कितीतरी वेळा. अख्खी गाडी थयथयाट करत होती, दात वाजले. मी ताबडतोब पाय काढला. या थयथयाटात पाय दाबून धरणारे लोक अॅक्सल मोडून घेतात. असं झालं की धाव सोडून द्या; ती धाव तशीही गेलेली असते.

दुसऱ्या धावेला बर्नआऊट लांबवला, भरपूर धूर काढला. 2.02. निराश होऊन परत आले तेव्हा आमच्या मागच्या रांगेतले एक काका आपणहून आले. साठी ओलांडलेले, जुनी ऑटोमॅटिक गाडी, हातात कापडात गुंडाळलेला दाबाचा गेज. त्यांनी विचारलं, "मी काही बोललो तर चालेल का?" आम्ही त्यांना स्टूल दिलं.

"रेडियलची भिंत ताठ असते," ते म्हणाले. "झटका दिलात तर तो झटका गिळायला तिच्यात काही नाही. सगळा सरळ जमिनीवर जातो. रेडियल एकदा सुटला की परत धरत नाही, म्हणून त्याला सुटूच द्यायचं नाही. सुरुवातीला मागाल ते थोडं मागा, मग वाढवा. आणि एवढा जाळू नका त्याला. धुराची पहिली रेघ दिसली की बास."

तिसऱ्या धावेला पाण्याला वळसा घालून फक्त मागची चाकं ओल्या कडेला टेकवली, लाइन लॉकने पुढचे ब्रेक धरले, दुसऱ्या गिअरमध्ये चाकं फिरवली आणि धुराची पहिली रेघ आरशात दिसताच सोडलं. 3,200 आरपीएम, क्लच घासत. नाक उचललं गेलं आणि पाठ सीटला टेकली ती टेकलेलीच राहिली. आवाज नाही, कर्कशपणा नाही. मला वाटलं धाव मंद गेली. स्लिपवर 1.91!

हे लिहून ठेवण्यासारखं आहे: चांगली सुरुवात आतून बरेचदा शांत वाटते. धडधड, किंचाळणं, झटका जाणवला म्हणजे वेग आला असं नाही.

मग आम्ही फक्त दाब बदलत गेलो. 18 वर 1.91, 16.5 वर 1.86, 15 वर 1.90. पुन्हा 16.5 वर, पुन्हा 1.86, पूर्ण धाव 13.10. दाब कमी केला की जमिनीवरचा ठसा वाढतो हे खरं, पण एका मर्यादेनंतर टायरच्या मधल्या भागाचा भार कडांवर जातो. बर्नआऊटनंतर मागे वळून आपले काळे पट्टे बघा: मधे गडद आणि कडा फिक्या असतील तर हवा जास्त, कडा गडद आणि मधे फिकं असेल तर हवा कमी. 15 पीएसआयला आमचे पट्टे दोन रेघांसारखे दिसत होते. दादाने त्यांचा फोटो वहीच्या पानासोबत ठेवला आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार कठीण आहे. 1.86 आल्यावर मला आरपीएमही वाढवायचे होते, शॉकही ढिले करायचे होते, सगळं त्याच धावेत. दादा वही मिटून बसला. "दोन बदललेस तर मी काय लिहू?" त्याचा हा हट्ट नसता तर या लेखातला एकही आकडा माझ्या कामाचा नसता.

दोनच्या सुमाराला वारा फिरला आणि पाऊस आला. दहा मिनिटांचा, पण जोराचा. रबराचे थर बसलेल्या ट्रॅकवर पाणी म्हणजे काच. त्यावर चालणंही धोक्याचं. स्टार्टरबाईंनी लगेच दिवे बंद केले. पाऊस थांबल्यावर वाळवणारी यंत्रं फिरली, माणसं फडकी घेऊन किरणांच्या पेट्या पुसत होती, पण संध्याकाळपर्यंत ट्रॅक सुटला नाही. कुणी तक्रार करताना दिसलं नाही.

पावसाने दिलेली दुपार आम्ही काकांच्या ताडपत्रीखाली काढली. ते ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवर धरून सोडतात: डावा पाय ब्रेकवर, उजव्याने इंजिन चढवायचं, कन्व्हर्टर (क्लचच्या जागी द्रवातून जोर पुढे नेणारा भाग) घट्ट होऊन मागची चाकं ब्रेकविरुद्ध सरकायला लागतात त्याच्या किंचित आधी थांबायचं आणि मग ब्रेक सोडायचा. "किंचित आधी" शोधायला त्यांना दोन हंगाम लागले. त्यांच्या गाडीत तेव्हापासून तीच खूण आहे, आरपीएमच्या काट्याखाली चिकटवलेला लाल दोऱ्याचा तुकडा.

गप्पांत एक विजेच्या गाडीचे मालकही आले. सकाळी त्यांच्या सहा धावांमधला साठ फुटांचा फरक दोन शतांश एवढाच होता. मोटरला शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर मिळतो आणि चाक घसरायला लागलं की यंत्रणा डोळ्याची पापणी लवायच्या आत जोर कमी करते. आम्ही क्लचने जे शिकत होतो ते त्यांची गाडी स्वतःच करत होती. पण ते रस्त्याचे टायर घालून आले होते आणि त्यांना 1.9 च्या खाली जाता येत नव्हतं. "शेवटी रबराशीच येऊन थांबलो," ते म्हणाले, आणि काकांना टायरबद्दल विचारायला लागले.

तिसरा दिवस: स्लिक

पावसाने ट्रॅक धुतला होता. नवं द्रावण मारून, ट्रॅक्टरमागे टायर ओढून रबराचा नवा थर चढवला, तरी पहिल्या तासात सगळ्यांचेच आकडे पडले. आम्ही मुद्दाम थांबलो. कोऱ्या ट्रॅकवर टायरची परीक्षा घेतली तर निकाल ट्रॅकचा लागतो. नऊनंतर रांगेत शिरलो.

बायस प्लायच्या स्लिकला हात लावला की कळतं हा वेगळाच प्राणी आहे. एकही खाच नाही, भिंत इतकी लवचीक की 12 पीएसआयला उभ्या गाडीतच पोट बाहेर आलेलं. या सुरकुत्या पडणाऱ्या भिंतीचे स्लिक 1960 च्या दशकात आले. क्लच सुटतो, रिम फिरायला लागते, पण जमिनीवरचं रबर अजून जागेवरच असतं. मधली भिंत पिळली जाते, सुरकुत्या पडतात, झटका तिथे साठतो आणि मग स्प्रिंगसारखा सुटतो. दादाने बाजूने संथ गतीत चित्रण केलं. पहिल्यांदा ते बघताना आम्ही दोघं काही बोललोच नाही. टायर एखाद्या ओल्या कपड्यासारखा पिळला जात होता आणि त्याच्या वर रिम पाव फेरा पुढे गेल्यासारखी दिसत होती.

पण त्याआधी माझी चूक. रेडियलवर जमलेला पाय मी तसाच स्लिकवर आणला: 3,200, क्लच घासत, हळुवार. 1.98. रेडियलपेक्षा वाईट! इंजिन खाली बसलं, टायरने मागितला तो झटका मी दिलाच नाही. टायर बदलला की पाय बदलावा लागतो. रेडियलला जे मारतं तेच स्लिकला हवं असतं. मग 4,500 वर एकदम सोडला: 1.79. 5,000 वर: 1.74. पूर्ण धाव 12.94, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच बाराने सुरू होणारी स्लिप. स्टार्टरबाईंनी लाइनवरून अंगठा दाखवला तो मला शेवटच्या वळणावरून परत येताना दिसला.

बर्नआऊटही वेगळा. खाच नसल्यामुळे पाण्यातून सरळ जायला हरकत नाही, थोडं पुढे सरकून, दुसऱ्या गिअरमध्ये, चांगला धूर येईपर्यंत. स्लिकला ऊब हवी असते.

आनंद मात्र अर्धाच टिकला, कारण दोन गोष्टी समोर आल्या. सकाळी काकांच्या सांगण्यावरून टायर आणि रिम दोन्हींवर मिळून एक पांढरी रेघ मारली होती. तिसऱ्या धावेनंतर ती रेघ तुटलेली होती, टायरवरची दोन बोटं मागे. म्हणजे टायर रिमवरच फिरत होता. आत ट्यूब असेल तर असा फिरणारा टायर वॉल्व्ह उपटून काढतो. यावर उपाय म्हणजे रिमच्या कडेने बसवायचे स्क्रू किंवा बीडलॉक, म्हणजे टायरची कड रिमला आवळून धरणारं कडं. ते नसतील तर अगदी कमी दाबाच्या मोहात पडू नका, आणि रेघ मारल्याशिवाय स्लिकवर बसू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवून गेली. ताशी 150 च्या वर गाडी पोहल्यासारखी हलायला लागली. स्टिअरिंग सरळ, पण मागचा भाग डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पुढे रेडियल आणि मागे बायस असं कडबोळं केलं की दोघांच्या भिंती वेगवेगळ्या तालात वाकतात. काकांनी हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पण पुढचे बायस टायर आमच्याकडे नव्हतेच. मागचा दाब 13.5 केला. साठ फूट 1.75, म्हणजे फक्त एक शतांश गेला, आणि हलणं निम्म्याहून कमी झालं. हा सौदा मी कधीही घेईन. गाडी शेवटच्या टप्प्यात हलत असेल तर स्टिअरिंगशी झुंजू नका, ब्रेकवर उडी मारू नका. पाय हळूच काढा, सरळ राहा. आणि ती धाव संपल्यावर बाहेर वळताना शेजारची गाडी कुठे आहे ते बघूनच वळा. वळणाच्या बाजूची लेन आधी जाते.

स्लिकवर शेवटचा वेग 167 आला. रेडियलवर 169 होता. लवचीक भिंत सुरुवातीला जे देते त्यातलं थोडं पुढच्या तीनशे-चारशे मीटरमध्ये लोळण्यातच परत घेते.

दुपारी ट्रॅकचं तापमान 57 अंशांवर गेलं. चिकट पट्टा लोण्यासारखा झाला, तोच दाब, तेच 5,000, आणि 1.86. हवाही विरळ झाली होती. तापलेल्या दुपारी जोर कमी आणि पकडही कमी. सगळ्यांनी सावली धरली. शेजारची मुलगी मात्र पत्र्याखाली गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाचा कोन मोजत होती.

चौथ्या दिवशीची सकाळ

सामान बांधून निघायचं होतं, पण दादाने आदल्या रात्री एक प्रश्न काढला होता. रेडियल पावसाआधी तपासले, स्लिक पावसानंतर. मग 1.86 आणि 1.74 मधला फरक टायरचा किती आणि ट्रॅकचा किती? टायरची तुलना करताना शेवटी पुन्हा पहिल्याकडे यायला हवं, नाहीतर तुलना अर्धवट राहते. म्हणून उजाडता उजाडता रेडियल परत चढवले. दव होतं, ते वाळेपर्यंत थांबलो. ट्रॅक 30 अंश, हवा थंड, वारा पडलेला.

16.5 पीएसआय, धुराची पहिली रेघ, क्लच घासत, पण या वेळी 3,500 वरून. स्लिकने शिकवलेला धीटपणा थोडा, रेडियलचा हळुवारपणा बाकी. 1.82. पुन्हा 1.82. पूर्ण धाव 13.02, वेग 170. म्हणजे ज्या बारा शतांशांवर आम्ही काल रात्री खूश होतो, त्यातले चार ट्रॅकचे, हवेचे आणि माझ्या पायाचे निघाले. उरले आठ. गाडी शेवटपर्यंत रेघेसारखी सरळ होती. रस्त्यावरून स्ट्रिपवर येऊन धावणाऱ्या माझ्यासारखीला मी आज रेडियलच सुचवेन. स्लिक हवाच असेल तर पुढच्या टायरसकट आणि रिमच्या स्क्रूंसकट घ्यावा.

काका निरोप द्यायला आले तेव्हा मी त्यांना दोन्ही स्लिपा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या, अगदी सावकाश, साठ फुटांच्या ओळीवर बोट ठेवून. "पोरी, हा दुसरा 1.82 जास्त मोलाचा," ते म्हणाले. "पहिला कुणालाही येतो."

ट्रेलरवर गाडी बांधून झाली. दादाने पट्टे दोनदा ओढून बघितले, मग वही उघडून पुढच्या खेपेसाठी लिहिलं: पुढे बायस, रिमला स्क्रू, मागे 13 पीएसआय, 4,800. आणि खाली, माझ्या हातात वही देऊन, "रेडियल 3,700 वर बघायचं राहिलं" हे मी लिहिलं.